उभ्या गाडीच्या इंजिनमधून आवाज येतोय? मोबाईलच्या मदतीने असं शोधा कारण

गाडी सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी आहे आणि बोनेटखालून टकटक किंवा खडखड ऐकू येतेय. गॅरेजमध्ये नेली की नेमका तेव्हाच आवाज गायब! मग अंदाजाने पार्ट बदलले जातात आणि बिल आपण भरतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बग शोधताना आमचा एक साधा नियम असतो: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय फरक पडतो ते बघा. इंजिनच्या आवाजालाही हाच नियम लागू पडतो.

सर्वात आधी ऑइल तपासा

आवाजासोबत डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तर इंजिन लगेच बंद करा आणि गाडी टो करून न्या. "गॅरेज जवळच आहे" म्हणून चालवत नेऊ नका. ऑइलचं प्रेशर नसेल तर बेअरिंग काही मिनिटांत खराब होऊ शकतात आणि मग पूर्ण इंजिन उघडावं लागतं.

दिवा नसेल तर गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर टिकटिक आवाजाचं कारण तेच असू शकतं.

मोबाईलवर रेकॉर्डिंग कसं करायचं?

- गाडी मोकळ्या जागेत उभी करा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.
- हँडब्रेक लावा. ओढणी, मोकळे केस, इअरफोनची वायर बेल्टपासून लांब ठेवा. रेडिएटरचा फॅन अचानक सुरू होतो, हात तिथे नकोच.
- व्हिडिओ मोडमध्ये रेकॉर्ड करा. काही फोनचे व्हॉइस रेकॉर्डर सलग आवाजाला गोंगाट समजून दाबून टाकतात.
- सकाळी थंड इंजिनवर एक आणि गरम झाल्यावर एक, असे दोन व्हिडिओ घ्या.

आता त्यातले ३ सेकंद ०.२५ स्पीडने ऐका आणि ठोके मोजा. समजा आरपीएम ८००आहे. म्हणजे ३ सेकंदांत क्रँकशाफ्टचे ४० फेरे होतात. कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे २० फेरे. ठोके २० च्या आसपास आले तर व्हॉल्व्ह, इंजेक्टर किंवा एखाद्या सिलिंडरकडे संशय जातो. २० किंवा ४० शी काहीच मेळ बसत नसेल तर बेल्टवर चालणारे भाग किंवा सैल झालेला पत्रा तपासायला हवा. हा पक्का निकाल नाही, पण शोधायची जागा कमी होते.

एका वेळी एकच बदल

१. एसी चालू-बंद करा. एसी लावल्यावरच घरघर येत असेल तर कॉम्प्रेसर किंवा त्याच्या पुलीचं बेअरिंग बघायला सांगा. एसी लावताना येणारी एक "टक्" मात्र नॉर्मल आहे.

२. क्लच पूर्ण दाबा. दाबल्यावर आवाज थांबला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, आणि दाबल्यावर सुरू झाला तर क्लचचं रिलीज बेअरिंग.

३. रेस हळूच वाढवा. आरपीएमसोबत ठोके वाढले तर आवाज इंजिनशी किंवा बेल्टशी जोडलेला आहे. एका ठराविक आरपीएमलाच झणझण होत असेल तर बहुतेक वेळा सायलेन्सरवरचा पत्रा सैल झालेला असतो.

आमच्या घरच्या गाडीला एका गॅरेजने "टायमिंग चेन गेली" असं सांगितलं होतं. एसी बंद केला की आवाज थांबायचा. तो व्हिडिओ दुसऱ्या मेकॅनिकला दाखवला आणि काम फक्त एका बेअरिंगवर भागलं.

आवाज आणि संभाव्य कारण

- हलकी टिकटिक: कमी ऑइल, टॅपेट किंवा इंजेक्टर. इंजेक्टरची बारीक टिकटिक नॉर्मल असते.
- चीं-चीं, विशेषतः पावसाळ्यात सकाळी: फॅन बेल्ट किंवा त्याचा टेन्शनर.
- सूं-सूं आणि आरपीएम वर-खाली: व्हॅक्यूम पाइप लीक.
- फट्-फट्, इंजिन गरम झाल्यावर कमी: एक्झॉस्टच्या जोडात गळती. तापल्यावर धातू फुगतो आणि फट थोडी बुजते.
- इंजिन थरथरतं, ताल चुकतो: मिसफायर. प्लग आणि कॉइल तपासा.
- खोल, जड ठकठक, रेस दिल्यावर वाढते: कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. गाडी चालवू नका.

ओबीडी स्कॅनर उपयोगी आहे का?

हो, पण मर्यादित. ब्लूटूथ स्कॅनर स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये लावला की मोबाईलवर कोड दिसतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०३०२ म्हणजे दुसऱ्या. पी०१७१ म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, त्याचं एक कारण व्हॅक्यूम लीक. पण बेल्ट, बेअरिंग किंवा सैल पत्र्याला सेन्सर नसतो, त्यामुळे कोड नाही म्हणजे बिघाड नाही असं समजू नका. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर गंभीर आहे. तशीच चालवली तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो आणि तो महाग पार्ट आहे.

मेकॅनिककडे जाताना

"आवाज येतो" एवढंच सांगू नका. थंड इंजिनवर येतो की गरम, एसीने आणि क्लचने काय फरक पडतो, हे व्हिडिओसोबत व्हॉट्सॲपवर आधीच पाठवा. पार्ट बदलायच्या आधी "हाच खराब आहे हे कशावरून?" एवढं नक्की विचारा. चांगला मेकॅनिक या प्रश्नावर चिडत नाही, बोनेट उघडून दाखवतो.