अवखळ की शहाणी? वेगवान छोट्या गाडीचा मागोवा

पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एक जोडी अजून अधूनमधून एकत्र विचारली जाते: फियाटची अबार्थ पुंटो आणि फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. एक रांजणगावची, दुसरी चाकणची. म्हणजे दोघी एकाच जिल्ह्याच्या लेकी. विचारणारा बहुधा पस्तिशीच्या आसपासचा असतो. घरात एक लहान मूल असतं आणि शनिवारी पहाटे घाटात जाऊन यायची हौस अजून फिटलेली नसते. अबार्थ अवखळ, पोलो शहाणी. दोन्ही पळतात, पण घ्यायची एकच. हा पेच त्याला आपला खासगी वाटतो. प्रत्यक्षात तो किमान चाळीस वर्षं जुना आहे आणि त्याची मुळं त्याहून बरीच खोल गेलेली आहेत. आपण जरा मागे जाऊ.

या गाडीच्या वंशात दोन घराणी मिसळली आहेत आणि पहिलं घराणं दुकानदारांचं आहे. मागची अख्खी बाजू उघडून सामान आत सरकवता यावं, ही कल्पना शर्यतवाल्यांची मुळीच नव्हे. १९३८ साली सित्रोएनने आपल्या ‘त्राक्सिओं आवां’ मोटारीची ‘कोमर्सियाल’ नावाची आवृत्ती काढली. तिचा मागचा दरवाजा दोन तुकड्यांचा होता. वरचा वर उचलायचा, खालचा खाली पाडायचा. गिऱ्हाईक कोण, तर खाटीक, बेकरीवाले, किराणावाले. युद्धात ती बंद पडली आणि १९५४ साली वर उघडणारा एकसंध दरवाजा घेऊन परतली. पुढे १९६१ला रेनॉची ४ आली, १९६५ला त्याच कंपनीची १६ आली, आणि त्या दोघींच्या मधे, १९६४ साली, इटलीत आऊतोबियांची प्रिमुला आली. प्रिमुलाचं नाव आज वाहनवेड्यांनाही चटकन आठवत नाही. पण दान्ते जाकोसा या फियाटच्या अभियंत्याने तिच्यात इंजिन आडवं बसवलं, त्याच्या टोकाला गिअरबॉक्स जोडला आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. आज आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुतेक हॅचबॅक गाड्यांची मांडणी हीच आहे. फियाटने हा धोका स्वतःच्या नावावर न घेता आऊतोबियांचीच्या नावावर घेतला, हे मला नेहमी मोठं चतुराईचं वाटत आलं आहे.

दुसरं घराणं वेगाचं. त्याची सुरुवात व्हिएन्नात जन्मलेल्या कार्लो अबार्थपासून करणं योग्य ठरेल. १९४९ साली त्याने इटलीत स्वतःची कंपनी काढली आणि आपल्या वृश्चिक राशीचा विंचू तिच्या बोधचिन्हावर बसवला. साध्या गाड्यांसाठी तेज सायलेन्सर विकणं हा त्याचा बांधलेला धंदा. खरी हौस मात्र फियाटच्या गरीब बिचाऱ्या ६००ला शर्यतीत उतरवण्याची. त्या गाडीचं इंजिन मागे होतं. अबार्थच्या हातचं वाढवलेलं इंजिन इतकं तापायचं, की मागचं झाकण दांड्या लावून उघडंच ठेवावं लागे. उघड्या झाकणाने धावणाऱ्या त्या बुटक्या गाड्या मोठमोठ्यांच्या पुढे निघून जात. आज त्या झाकणाचा फोटो पाहिला की हसू येतं, पण या अवखळपणाचा मूळपुरुष तोच.

तिकडे इंग्लंडमध्ये छोटी गाडी जन्मली ती तेलटंचाईतून. जुलै १९५६मध्ये इजिप्तने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, त्यातून युद्ध पेटलं, आणि वर्षअखेर ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी अ‍ॅलेक इसिगोनिसला कमी पिणारी, छोटी, पण खरीखुरी मोटार करायला सांगितलं. ऑगस्ट १९५९मध्ये मिनी आली: लांबी दहा फूट, चाकं दहा इंची, इंजिन आडवं आणि ८४८ सीसीचं. इसिगोनिसच्या मनात ती सामान्य कुटुंबाची गाडी होती. तिला शर्यतीत पळवण्याची कल्पना त्याला रुचली नव्हती. पण त्याचा मित्र जॉन कूपर, ज्याच्या गाड्यांनी १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षं फॉर्म्युला वनचं विजेतेपद मिळवलं होतं, त्याला त्या चार कोपऱ्यांतल्या चार चाकांत वेगळंच काही दिसलं. १९६१ला मिनी कूपर बाजारात आली. ९९७ सीसी, ५५ हॉर्सपॉवर, पुढे डिस्क ब्रेक. १९६४ला पॅडी हॉपकर्कने तिच्यासह माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६६ला तर पहिले तीनही क्रमांक मिनीचे आले आणि तिघींनाही हेडलाइटच्या दिव्यांवरून बाद करण्यात आलं. त्या निकालाने मिनीचं जेवढं नाव झालं, तेवढं जिंकून झालं नसतं. मागे वर उघडणारा दरवाजा मात्र मिनीला नव्हता. होती ती साधी डिकी. दोन्ही घराण्यांची सोयरीक व्हायला अजून दहा वर्षं होती.

त्या सोयरिकीचं श्रेय सरसकट फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयला दिलं जातं. ते पुरतं खरं नाही. १९७३-७४च्या सुमारास फ्रान्समध्ये सिम्काने ११०० टीआय काढली होती. पाच दरवाजे, पुढची चाकं ओढणारी, ८२ हॉर्सपॉवर. आज ती विस्मृतीत गेली आहे. पण इतिहास नेहमीच आधी आलेल्याच्या नावावर मांडला जात नाही. मार्च १९७३मध्ये वोल्फ्सबुर्गला फोक्सवॅगनच्या कारखान्यात आल्फोन्स ल्योव्हेनबेर्ग या चाचणी अभियंत्याने सहकाऱ्यांना एक टिपण पाठवलं: कंपनीने एखादी खेळकर गाडी करायला हवी. बीटलला उत्तराधिकारी शोधताना कंपनीचा जीव टांगणीला लागला होता, त्यामुळे बहुतेकांनी टिपण बाजूला सारलं. जनसंपर्क विभागाचा आंटोन कोनराड आणि आणखी चारदोन जणांनी मात्र ते मनावर घेतलं. मग कामाच्या वेळेबाहेर, वरिष्ठांना फारसा पत्ता न लागू देता, ही मंडळी जमू लागली. त्याच वर्षाच्या अखेरीला अरब देशांनी तेल रोखलं आणि पश्चिम जर्मनीत चार रविवार खासगी मोटारींना रस्त्यावर बंदी झाली. देशभरचे आउटोबान ओस पडले असताना हे लोक कोणता कार्ब्युरेटर लावावा यावर वाद घालत होते.

सप्टेंबर १९७५मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय मांडली गेली आणि पुढच्या वर्षी विक्रीला आली. कार्ब्युरेटरचा वाद इंधन इंजेक्शनने मिटवला होता. १५८८ सीसी, ११० हॉर्सपॉवर, वजन आठशे किलोच्या जरा वर, वेग ताशी १८२ किलोमीटर. साधी गोल्फ ५० किंवा ७० हॉर्सपॉवरची होती, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या आकड्याचं वजन कळतं. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुरे, असा कंपनीचा अंदाज होता. पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक गेल्या. गाडीच्या आत दोन गोष्टी होत्या ज्या आपण थांबून पाहायला हव्यात. सीटवर स्कॉटिश चौकड्यांचं कापड आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू, खळग्याखळग्यांचा, तळहातात बरोबर बसणारा. दोन्ही गोष्टी गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या कंपनीच्या कापड आणि रंग विभागातल्या बाईंच्या. त्या मूळच्या पोर्सेलिनवर चित्रं काढणाऱ्या. वेगवान गाडी म्हणजे काळं चामडं आणि क्रोम, या समजुतीला त्यांनी किराणा आणायच्या गाडीत बसून सुरुंग लावला. आणि ती किराणा आणायचीच गाडी होती. आठवडाभर मुलांना शाळेत सोडायची, शुक्रवारी रात्री आउटोबानवर मर्सिडीजच्या मागे जाऊन दिवा मारायची. अवखळपणा आणि शहाणपण एकाच पत्र्याखाली नांदत होतं. गिऱ्हाइकाला निवड करावीच लागत नव्हती.

ती वेळ आली १९८४ साली. त्या वर्षी गोल्फ जीटीआयची दुसरी पिढी बाजारात आली, पहिलीपेक्षा लांब, रुंद, ऐसपैस, वजनाने शंभरेक किलो जास्त. ताकद मात्र जवळपास तेवढीच. आणि त्याच वर्षी फ्रान्समधून आली पेजो २०५ जीटीआय: १.६ लिटर, १०५ हॉर्सपॉवर, अंगाने शिडशिडीत. पाठोपाठ १.९ लिटरची १३० हॉर्सपॉवरची बहीण आली. २०५चा स्वभाव वळणावर कळत असे. वेगात वळण घेताना घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पुढच्या चाकांवर भार येई, मागची चाकं हलकी होऊन बाहेर झेपावत, आणि गाडी स्वतःच्या शेपटीचा पाठलाग करू लागे. ज्याला हे कळे त्याच्या हातात ती नाचत असे. ज्याला कळत नसे तो शेतात जाई. गोल्फ असं काही करत नसे. ती चूक पोटात घालत असे. ब्रिटिश वाहन-नियतकालिकांत ‘हॉट हॅच’ हा शब्द याच सुमारास रुळला, आणि दोघींची तुलना हा त्यांचा कधी न संपणारा विषय झाला. आपल्या पुण्यातल्या गिऱ्हाइकाचा पेच खऱ्या अर्थाने इथे जन्मला, असं माझं मत आहे.

त्यापुढची पंधरा वर्षं झपाट्याने उरकता येतात. ब्रिटनमध्ये या गाड्या इतक्या चोरीला जाऊ लागल्या की विम्याचे हप्ते गगनाला भिडले आणि तरुण गिऱ्हाईक मोडून पडलं. गोल्फ जीटीआय पिढीगणिक जाड होत गेली. तिसरी तर जीटीआय म्हणवून घ्यायला लाजावी इतकी मंद होती. एका थांब्यापुरतं मात्र आपण उतरू: १९९३ची रेनॉ क्लिओ विल्यम्स. निळा रंग, सोनेरी चाकं, दोन लिटर, दीडशे हॉर्सपॉवर. ज्या फॉर्म्युला वन संघाचं नाव तिला दिलं, त्याचा तिच्या घडणीत हात नव्हता. मर्यादित म्हणून क्रमांक घातलेल्या ३८०० गाड्या विकून झाल्यावर कंपनीने आणखी दोन आवृत्त्या काढल्या आणि आधीचे मालक चिडले. पण अवखळ घराण्यात तिच्याइतकी सरळ मनाची गाडी विरळा. शहाण्या घराण्याने याच काळात चारही चाकांना ताकद देणारी ऑडी एस ३ आणि पुढे २००२ला सहा सिलिंडरची गोल्फ आर ३२ दिली. पाऊस असो, बर्फ असो, या गाड्या निघाल्या की निघाल्या. चालवणाऱ्याने विशेष काही करायचं उरलं नाही.

आता आपण घरी येऊ. २००१ साली मुंबईत कुर्ल्याला, जिथे पिढ्यान्‌पिढ्या प्रीमियर पद्मिनी बनली, तिथूनच फियाट पॅलिओ बाहेर पडू लागली. तिची १.६ लिटरची जीटीएक्स आवृत्ती १०० हॉर्सपॉवरची होती. तेव्हाच्या आपल्या छोट्या गाड्यांत हा आकडा ऐकून लोक दोनदा विचारत, आणि लगेच तिसरा प्रश्न येई, “अ‍ॅव्हरेज किती देते?” उत्तर ऐकून मंडळी पुढच्या शोरूमकडे वळत. मग २००६चा अर्थसंकल्प आला. चार मीटरपेक्षा आखूड आणि पेट्रोलवर १२०० सीसीपर्यंतच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६वर उतरलं. सुएझने मिनी छोटी केली होती. आपल्याकडे ते काम अर्थमंत्रालयाने केलं. १.६ लिटरच्या छोट्या गाडीला त्यानंतर हिशेबच उरला नाही. चाकणच्या पोलोने २०१३ला यातून वाट काढली: ११९७ सीसी, म्हणजे मर्यादेच्या तीन सीसी आत, टर्बो लावून १०५ हॉर्सपॉवर, आणि सात गिअरचा दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. रांजणगावच्या अबार्थ पुंटोने २०१५ला नियमाकडे पाठ फिरवली: १३६८ सीसी, १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क, पाच गिअर आणि तेही हातानेच टाकायचे. कर भरून ती दहा लाखांच्या आत आणली होती, तरी लोकांनी पाठ फिरवली ती फिरवलीच.

दोन्ही मी ताम्हिणीत चालवल्या आहेत, दोन मित्रांच्या, एकाच पावसाळ्यात. अबार्थचं क्लच पायाला जड, बसणं नको तितकं उंच, आणि टर्बो जागा होईपर्यंत काहीच घडत नाही. मग एकदम स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. मुळशीच्या पुढे पहिल्याच चढाला मी खुदकन हसलो. पोलोत हसू आलं नाही, पण आम्ही निव्याला दहा मिनिटं आधी पोचलो आणि मागे बसलेल्या मित्राच्या आईंचा डोळा लागला होता.

युरोपात सध्या अवखळ बहिणी आधी जात आहेत. फोर्डची फिएस्टा एसटी २०२३ला फिएस्टासकट संपली, ह्युंदाईची आय २० एन पुढच्याच वर्षी तिथून गेली. टोयोटाची जीआर यारिस टिकून आहे, पण ती आता साध्या यारिसच्या जवळपास दुप्पट दामाची झाली आहे. शहाणी गोल्फ जीटीआय मात्र २०२५च्या मे महिन्यात भारतात अधिकृतपणे आली, त्रेपन्न लाखांच्या आसपास. पहिल्या तुकडीच्या दीडशे गाड्या हातोहात गेल्या.

चाकण आणि रांजणगावच्या त्या दोघी आता नव्या मिळत नाहीत. मला विचाराल, तर घरात दुसरी गाडी असेल तर अबार्थ घ्या, आणि सुट्या भागांसाठी ओळखीचा एक मेकॅनिक आधी शोधून ठेवा. एकच गाडी ठेवायची असेल तर जीटी टीएसआय. घेण्यापूर्वी ती संध्याकाळच्या गर्दीत अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत चालवून पाहा, धक्के देत असेल तर सोडा. आणि दोन्हींपैकी कोणतीही बघायला जाल तेव्हा घरच्या माणसाला बरोबर न्या, मागच्या सीटवर बसवा.