यंत्र आलं, हिशेब कोणाच्या हातात?



मागच्या बैठकीत आमच्या गटात वाद झाला. एका ताईंनी मुलीच्या कोडिंग क्लाससाठी अंतर्गत कर्ज मागितलं. कोडिंग म्हणजे कॉम्प्युटरला त्याच्या भाषेत, पायरीपायरीनं काम सांगणं. एक जण म्हणाली, "द्या, पोरीचं भलं होईल." दुसरी म्हणाली, "या कॉम्प्युटरनंच माणसांच्या नोकऱ्या खाल्ल्या. त्याच्यासाठी आपली बचत कशाला?" बायांनो, हा वाद आजचा नाही. आपल्या देशात तो साठेक वर्षं चालू आहे.

१९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळात कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर कर्मचारी संघटनांनी मोठा विरोध केला. कलकत्त्यात तर यंत्र बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी कचेरीवर पहारा दिला. नोकऱ्या मुळातच कमी, त्यात कारकुनाचं काम यंत्रानं केलं तर आपल्या पोरांनी जायचं कुठं, हा त्यांचा सवाल होता. तो खोटा नव्हता.

दुसरी बाजूही खरी होती. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि बँका खेड्यापाड्यांत आल्या. खाती वाढली, पण हिशेब हातानं जाडजूड खतावण्यांत लिहायचा. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला, मर्यादित यंत्रांना मान्यता मिळाली. रिझर्व्ह बँकेच्या सी. रंगराजन समितीनं १९८४ आणि १९८९ साली अहवाल दिले आणि कॉम्प्युटरची वाट मोकळी होत गेली.

मग खरं कोणाचं ठरलं? दोघांचंही. एका शाखेतले पैसे दुसऱ्या गावी काढता येऊ लागले, पुण्या-बंगळूरूत सॉफ्टवेअरच्या नवीन नोकऱ्या आल्या. पण २०००-०१ मध्ये सरकारी बँकांच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे १ लाख कर्मचारी बाहेर पडले. नवीन नोकरी ज्याला मिळाली तो वेगळा, आणि जुनी ज्याची गेली तो वेगळा.

आता आपल्या मुलखातली गोष्ट. सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हा आणि माण तालुक्यातल्या बाया स्वतःची बँक काढायला निघाल्या. सभासदांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून परवान्याचा अर्ज नामंजूर झाला. बाया घरी बसल्या नाहीत. अक्षरं शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो; तुमच्या साहेबांनीही कॅल्क्युलेटर न घेता सांगावं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

या गोष्टीतून मी एक धडा घेतला. यंत्र चांगलं की वाईट, हा प्रश्न अर्धाच आहे. हिशेब कसा होतो हे कोणाला कळतं, हा खरा प्रश्न. आज आपलं कर्ज मंजूर होईल का, हे पुष्कळ ठिकाणी कॉम्प्युटर आधी ठरवतो. त्याला तसं करायला शिकवणारं माणूसच असतं. त्या माणसांत आपल्या लेकी नकोत का?

म्हणून २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आला, ते मला योग्य वाटतं. पण त्याच वर्षी कोडिंग शिकवणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातींवर तक्रारी झाल्या आणि काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. लहान पोरांना मोठ्या पगाराची स्वप्नं दाखवून फी घेणारेही आहेतच.

आमच्या गटानं कर्ज नाकारलं नाही, लगेच दिलंही नाही. आधी चौकशी करायचं ठरलं: फी किती, शिकवणार कोण, सरावाला कॉम्प्युटर मिळणार का, मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का? आणि शाळेतला कॉम्प्युटर चालू आहे का, तो मुलींच्या हाती लागतो का, हे मुख्याध्यापकांना विचारायला चौघी जाणार आहेत.

तुमच्या गावच्या शाळेतला कॉम्प्युटर कुठल्या कुलपात आहे? या आठवड्यात जाऊन बघा बरं.