एकच विषाणू, पण ल्युकेमिया ठरावीक उंदरांनाच! असं का?

उंदरांना विषाणूमुळे ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, होऊ शकतो. हे वाचून अनेकांना भीती वाटते, की हा आजार माणसांतही एकाकडून दुसऱ्याकडे पसरतो का? नाही. ल्युकेमियाच्या रुग्णाजवळ बसल्याने, त्याच्यासोबत जेवल्याने हा आजार होत नाही.

उंदरांत काय दिसलं?

१९५१ मध्ये लुडविक ग्रॉस यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांच्या पेशींचा अर्क नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचला. मोठी झाल्यावर त्या पिल्लांना ल्युकेमिया झाला. मात्र, पिल्लू जन्मून थोडे दिवस झाले असतील तर हा प्रयोग सहसा फसायचा. कारण जन्मतः प्रतिकारशक्ती कच्ची असते. तेव्हा शिरलेला विषाणू शरीराला परका वाटत नाही.

शार्लट फ्रेंड यांना १९५०च्या दशकात सापडलेला विषाणू मात्र मोठ्या उंदरांनाही आजारी पाडतो. तो प्रतिकारशक्तीलाच दुबळं करतो. तरीही काही जातींचे उंदीर त्यातून बरे होतात. त्यांच्या टी पेशी विषाणूग्रस्त पेशी ओळखून मारतात, तर प्रतिपिंडं विषाणूला रोखतात. निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस आधी दिली, तर उंदरांना संरक्षणही मिळतं.

थायमसचं कोडं

छातीतली थायमस ग्रंथी काढली, की ग्रॉस विषाणूचा ल्युकेमिया टळतो, कारण तो तिथेच सुरू होतो. याचाच अभ्यास करताना जॅक मिलर यांनी नवजात पिल्लांची थायमस काढली. ही पिल्लं पुढे संसर्गांना बळी पडू लागली आणि परक्या उंदराची त्वचाही त्यांच्या शरीराने स्वीकारली. थायमस प्रतिकारशक्ती घडवते, हे १९६१ मध्ये असं समजलं.

महाराष्ट्राशी संबंध

पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उंदरांवर संशोधन केलं. विषाणू, संप्रेरकं आणि कर्करोग यांचा संबंध त्यांनी अभ्यासला. त्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

मग माणसांचं काय?

माणसांतला बहुतेक ल्युकेमिया विषाणूमुळे होत नाही. एचटीएलव्ही-१ हा विषाणू अपवाद आहे. तो स्तनपान, रक्त आणि लैंगिक संबंधांतून पसरतो. पण लागण झालेल्या बहुतेकांना आयुष्यभर ल्युकेमिया होत नाही. म्हणजे विषाणू शिरला की कर्करोग झालाच, असं नाही. लागण कोणत्या वयात झाली आणि प्रतिकारशक्तीने कसं तोंड दिलं, यावरही बरंच ठरतं.