एका पैशाचे कार्ड

तळेगाव दाभाड्याहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर आज मोटारींचे सुटे भाग वाहणाऱ्या अवजड गाड्यांची रांग दिवसरात्र तुटत नाही, आणि या साऱ्या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास लोक बहुधा १९५४ साली पिंपरीस निघालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून मोजू लागतात. परंतु त्याच्या जवळजवळ अर्धे शतक आधी तळेगावात एक शाळा आणि एक काचकारखाना उभा राहिला होता. आणि मराठी मुलाने आपल्या भाषेतून विद्या व आपल्या हाताने हुन्नर शिकावा, ही कल्पना पुस्तकातून उतरून प्रत्यक्ष जमिनीवर आली ती याच भूमीत.

त्या काळी पैशाला मोल होते. आण्याचे चार पैसे, आणि टपाल खात्याचे कार्ड पाव आण्यास, म्हणजे नेमके एका पैशास मिळे. १८७९ पासून १९२२ पर्यंत हा दर ढळला नाही. दरडोई एक पैसा जमवून देशी उद्योग उभारावा, ही अंताजी दामोदर काळे यांची योजना. तिला लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिले आणि पैसा फंड या नावाने ती घरोघर पोहोचली. एका कार्डाच्या किमतीत देशकार्याचा वाटेकरी होता येते, ही गोष्ट सामान्य माणसाला जितकी पटली तितकी मोठमोठ्या व्याख्यानांनी पटली नसती, असे मला मनापासून वाटते.

शिक्षणाचा प्रश्न तेव्हा तापलेला होता. लॉर्ड कर्झनच्या १९०४च्या कायद्याने विद्यापीठांवर सरकारची पकड घट्ट झाली. पुढल्याच वर्षी बंगालची फाळणी झाली. १९०६ साली कलकत्त्यास राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली, आणि त्याच वर्षअखेर दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी आणि बहिष्कार यांच्या जोडीला राष्ट्रीय शिक्षणाचा ठरावही संमत केला. महाराष्ट्रात हे काम ज्यांनी अंगावर घेतले, ते विष्णु गोविंद विजापूरकर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील संस्कृतचे अध्यापक होते. मराठीतून उच्च ज्ञान देता येते हे वादाने नव्हे तर ग्रंथाने सिद्ध करावे, या निष्ठेने त्यांनी १८९४ पासून ‘ग्रंथमाला’ चालविली, १९०६ साली ‘विश्ववृत्त’ मासिक काढले, आणि समर्थ विद्यालयाची स्थापना केली. कोल्हापुरास जन्मलेले हे विद्यालय पुढे तळेगावी आले. मुंबई-पुणे लोहमार्गावरचे हे गाव दोन्ही शहरांना जोडलेले आणि तरीही दोहोंपासून अलिप्त होते.

१९०८ साली तळेगावातच पैसा फंडाचा काचकारखाना सुरू झाला. परदेशी जाऊन ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे सूत्रधार होते. वाळू, सोडा आणि चुना यांचे मिश्रण भट्टीत वितळून मधासारखे दाट झाले की कारागीर लांब फुंकनळीचे टोक त्यात बुडवी, लालबुंद गोळा उचली, नळी हातांत सतत फिरवीत श्वास सोडी, आणि त्या श्वासाने काचेला आकार येई. फिरविणे क्षणभर थांबले तर गोळा एका अंगाला लोंबू लागे, आणि घडलेले भांडे सावकाश न निवविता बाहेर काढले तर ते आपोआप तडके. ही विद्या वहीत लिहून घेता येत नाही. ती जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच अंगी येते. या कारखान्यात तरुण मुले शिकून तयार होत. आज चाकण-तळेगावच्या कारखान्यांत जी उमेदवारी चालते, तिची पहिली ओसरी मला या भट्टीपाशी दिसते.

शाळेचे दिवस मात्र थोडके ठरले. श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख ‘विश्ववृत्ता’त छापल्याबद्दल १९०८ साली राजद्रोहाचा खटला झाला. त्यात विजापूरकरांना तुरुंगवास भोगावा लागला, आणि त्यांच्याबरोबर समर्थ विद्यालयातील एक तरुण शिक्षक, वामन मल्हार जोशी, तीन वर्षांच्या सक्तमजुरीवर गेला. १९१० साली सरकारने विद्यालयच बंद पाडले.

विचार असा हुकुमाने बंद होत नाही. तो दुसऱ्या दाराने आला, आणि तोही टपालाने. १९१५ साली काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्याकडे पाठविली. सत्तावन्न वर्षांच्या कर्व्यांच्या मागे हिंगण्याच्या आश्रमाची दोन दशकांची तपश्चर्या होती. डिसेंबरात मुंबईस भरावयाच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी ही पुस्तिका बारकाईने अभ्यासली, आणि अध्यक्षीय भाषणात स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची योजना मांडली. मग सुरू झाला पत्रव्यवहार: अभिप्राय मागविणारी पत्रे, वर्गणीची आवाहने, शंकांची उत्तरे. शिक्षण मातृभाषेतून द्यावे हे गांधीजींना मान्य होते, परंतु इंग्रजी हा सक्तीचा विषय असावा हे त्यांना रुचले नाही. कर्वे आपल्या मतावर राहिले आणि स्नेहही राहिला.

३ जून १९१६ रोजी विद्यापीठ स्थापन झाले. कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर, कुलगुरू रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी अवघ्या पाच! सरकारी सनद नव्हती, म्हणून पदव्यांची नावेही स्वतःच घडविली: ‘गृहीतागमा’ आणि तिच्या वरची ‘प्रदेयागमा’. विद्या जिने घेतली ती आणि विद्या जी देऊ शकेल ती, हा भेद या दोन शब्दांनी जितका सुरेख सांगितला आहे, तितका इंग्रजी आद्याक्षरांनी कधी सांगितला नाही. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्षांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर यांचे नाव मिळाले. सरकारशी भांडण नाही आणि सरकारकडे याचनाही नाही, ही कर्व्यांची रीत. तळेगावचा मार्ग अधिक तेजस्वी होता, पण टिकला तो हा, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र हे दोन मार्ग वेगळे राहिले नाहीत. तुरुंगातून सुटलेले वामन मल्हार जोशी काही वर्षांनी कर्व्यांच्या संस्थेत आले आणि महिला महाविद्यालयात अध्यापक व पुढे प्राचार्य झाले. समर्थ विद्यालयात मुलांना शिकवू पाहणारा हा शिक्षक हिंगण्यास मुलींना तत्त्वज्ञान मराठीतून शिकवू लागला. विजापूरकरही खचले नाहीत. त्यांनी तळेगावातच पुन्हा शाळा उघडली आणि १९२६ साली देह ठेवीपर्यंत हा ध्यास सोडला नाही. पुण्याला स्वतःचे विद्यापीठ मिळावयास मात्र १९४८चा कायदा आणि मुकुंदराव जयकरांसारखा पहिला कुलगुरू यावा लागला.

वामनरावांनी १९३४ साली ‘इंदू काळे व सरला भोळे’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात शिकलेल्या स्त्रिया एकमेकींना मोकळेपणाने लिहितात, नीतीविषयी, कलेविषयी, स्वतःच्या मनाविषयी. आणि सारी कादंबरी पत्रांचीच बनलेली आहे.