पहिलं अक्षर की पहिला बाइट?

व्हिम एडिटरमध्ये फाइलचा लांबलचक पत्ता आखूड करण्याची जुनी युक्ती आहे: वाटेतल्या प्रत्येक फोल्डरचं आद्याक्षर ठेवायचं, फाइलचं नाव मात्र पूर्ण. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, तेव्हा सरळ पहिला बाइट कापला तरी भागतं.

जपानीत भागलं नाही. १९८० च्या दशकात रूढ झालेल्या शिफ्ट-जिस या अक्षर-संकेत पद्धतीत ‘तक्ता’ या अर्थाच्या ‘ह्यो’ चिन्हाचा दुसरा बाइट म्हणजे विंडोजवर फोल्डर वेगळे करणारी तिरकी रेघच! नाव मधोमध तुटायचं.

१९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही नवी अक्षर-संकेत पद्धत रचली. ही गफलत संपली, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. ‘किल्ले’ नावाच्या फोल्डरचा पहिला बाइट उचलला, तर हाती निरर्थक तुकडा येतो, पहिलं चिन्ह उचललं, तर वेलांटी गळालेला ‘क’.

आद्याक्षर ‘कि’ आहे. प्लगिन लिहिणाऱ्यांनो, तेच जपा.