दर दोन तासांनी कूस



आपल्या आयटीवाल्यांमध्ये पाठदुखी हा चहाच्या टपरीवरचा कायमचा विषय. कुणाची डिस्क, कुणाचा फ्रोझन शोल्डर, कुणाचा क्रिकेट खेळताना गेलेला गुडघा. फिजिओ व्यायामाचा कागद देतो, तो फ्रिजवर मॅग्नेटखाली लागतो आणि तिथेच राहतो. :) "नुसते हात वर-खाली करून काय होणार?" हा प्रश्नही ठरलेला. या विकांताला त्याच प्रश्नाचं उत्तर शोधायला थोडं मागे जाऊया. थोडं म्हणजे, थेट १९१७ सालात.

जर्मनीतलं क्योनिग्सह्युटे हे खाणींचं गाव (आज हा भाग पोलंडमध्ये आहे). तिथल्या अपघात रुग्णालयात लुडविग गुटमान नावाचा एक ज्यू मुलगा मदतनीस म्हणून काम करत होता. वय जेमतेम अठरा. एके दिवशी एका धडधाकट खाणकामगाराला आणलं. पाठीचा कणा मोडलेला, कमरेखाली सगळं बंद. त्याला प्लास्टरमध्ये घातलं आणि खाटेभोवती पडदे लावले. गुटमान त्याच्या नोंदी लिहायला बसला, तर त्याला सांगण्यात आलं की कशाला त्रास घेतोस, हा काही आठवड्यांचाच सोबती. आणि खरंच, पाच आठवड्यांत तो माणूस गेला.

आता गंमत बघा (गंमत कसली!). तो माणूस कणा मोडला म्हणून मेला नव्हता. आपण झोपेतसुद्धा नकळत कूस बदलतो, कारण शरीर आतून टोचणी देत असतं. मज्जारज्जूला इजा झाली की ती टोचणी बंद. एकाच जागी दाब पडत राहतो, तिथलं रक्त थांबतं, कातडी मरते, जखम हाडापर्यंत जाते. दुसरीकडे मूत्राशय नीट रिकामं होत नाही, तिथे जंतू वाढतात आणि रक्तात पसरतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टम मूळ बगमुळे कोसळत नव्हती, त्याकडे बघून सगळ्यांनी हात टेकल्यामुळे कोसळत होती.

गुटमान पुढे मोठा न्यूरॉलॉजिस्ट झाला. नाझी राजवटीत त्याला देश सोडावा लागला आणि १९३९ मध्ये तो कुटुंबासह इंग्लंडला आला. दुसरं महायुद्ध चालू होतं, युरोपात सैन्य उतरवायची तयारी होती, म्हणजे कणा मोडलेले सैनिक येणार हे नक्की. १ फेब्रुवारी १९४४ ला लंडनच्या वायव्येला, एल्सबरीजवळच्या स्टोक मँडविल रुग्णालयात अशा जखमींसाठी खास विभाग उघडला आणि तो गुटमानच्या हवाली केला.

त्याने पहिलं काय केलं असेल? प्लास्टर बंद केलं आणि हुकूम काढला की प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची. दिवसा आणि रात्रीही. तो स्वतः रात्री-अपरात्री येऊन बघायचा, बदलली की नाही! मूत्राशयाची काळजी निर्जंतुक पद्धतीने घ्यायची, त्यात हयगय नाही. ना नवीन औषध, ना नवीन यंत्र. पण एकदा माणसं जगायला लागली, की पुढचा प्रश्न आपोआप आला. जगून करायचं काय?

इथे व्यायाम आला. लॅटिसिमस डॉर्सी नावाचा पाठीचा एक मोठा, पसरट स्नायू आहे. तो खाली कंबरेच्या हाडापर्यंत पोचतो, पण त्याची नस निघते मानेतून. म्हणजे छातीच्या मध्यावर मज्जारज्जू तुटला, तरी हा स्नायू शाबूत! वरच्या जिवंत आणि खालच्या बधिर भागांमधला हा पूलच. तो कमावला की माणूस आधाराशिवाय ताठ बसू शकतो. बसू शकला की व्हीलचेअर, आणि व्हीलचेअर आली की दार उघडलंच ना! गुटमानने मोडलेल्या भागाची नव्हे, उरलेल्या भागाची मोजदाद केली.

पण कंटाळा तर तिथल्या रुग्णांनाही येणारच. त्यावर उपाय म्हणजे खेळ. सुरुवातीला व्हीलचेअरवर पोलो सुरू झाला, तो फारच धसमुसळा निघाला म्हणून बंद केला. मग तिरंदाजी. धनुष्य ओढताना खांदे, दंड आणि पाठ यांना नेमका हवा तो व्यायाम मिळतो, आणि कुणी 'हात वर, हात खाली' मोजत बसत नाही. जोडीला सुतारकाम, घड्याळदुरुस्ती. या माणसांनी नोकरी करावी, कर भरावा, असा त्याचा आग्रह होता. दयेवर जगणारे नकोत, कर भरणारे हवेत. हे मला फार आवडलं.

२९ जुलै १९४८ ला लंडनला ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी स्टोक मँडविलच्या हिरवळीवर १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली, १४ पुरुष आणि २ स्त्रिया. १९६० मध्ये हेच सामने रोमला गेले, २३ देशांचे ४०० खेळाडू. आज आपण त्याला पहिलं पॅरालिंपिक म्हणतो.

आणि इथे आपला सांगली जिल्हा येतो! इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर, सैन्यातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली लुळेपणा आला. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक आणलं, तेही विश्वविक्रमासह. अभिनव बिंद्राच्या ३६ वर्षं आधी! पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, आणि बऱ्याच जणांना नाव कळलं ते २०२४ च्या 'चंदू चॅम्पियन' सिनेमामुळे. असो.

एक मात्र नीट लक्षात घ्यायला हवं. पेटकरांचे पाय पूर्वीसारखे झाले नाहीत, आणि स्टोक मँडविलमध्येही तसं वचन कुणी देत नव्हतं. व्यायामाने तुटलेला मज्जारज्जू जोडला जात नाही. 'मनात आणलं तर काहीही शक्य आहे' छापाचे फॉरवर्ड वाचले की म्हणूनच चिडचिड होते. त्यात सुवर्णपदक असतं, रात्री तीन वाजता कूस बदलणारी नर्स नसते. पण तिच्याशिवाय धनुष्यही नाही आणि पोहण्याचा तलावही नाही.

'बरं होणं म्हणजे पूर्वीसारखं होणं' ही आपली व्याख्या. ती धरून बसलं, तर तो खाणकामगार पडद्याआडच राहणार. जे उरलंय त्यावर उद्याचा दिवस उभा करणं, हेही बरं होणंच. आपली पाठदुखी त्यामानाने किरकोळ, आणि साध्या पाठदुखीलाही आता डॉक्टर पडून राहू नका, हलतं राहा असंच सांगतात. तेव्हा फ्रिजवरचा तो कागद काढाच. दिवसातून दहा मिनिटं, एवढंच तर मागतोय तो.