यंत्र आणि पहारेकरी

विजेचा पुरवठा, पाण्याचे नळ, आगगाड्यांची वाहतूक इत्यादि सार्वजनिक सोयींचा कारभार कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांकडे हळूहळू सोंपविला जात असून, अशा यंत्रांवर माणसाची देखरेख असलीच पाहिजे, असा आग्रह देशोदेशींचे विचारी लोक आज धरीत आहेत. युरोपीय संघानें २०२४ सालीं केलेल्या कायद्यांत तर हें तत्त्व स्वतंत्र कलम घालून नमूद केलें आहे. तत्त्व चांगलें आहे, आणि त्याला उघड विरोध करणारा मनुष्य क्वचितच सांपडेल. परंतु ज्या तत्त्वाला कोणीच विरोध करीत नाहीं, त्याचा नेमका अर्थहि सहसा कोणी विचारीत नाहीं. यंत्राशेजारीं माणूस बसविला म्हणजे देखरेख झाली काय? त्या माणसाजवळ कोणत्या गोष्टी असल्या म्हणजे त्याची देखरेख खरी समजावी? हा प्रश्न कृत्रिम बुद्धीबरोबरच जन्मास आला असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो दीडशें वर्षांहून जुना आहे, आणि त्याचीं उत्तरें मनुष्यजातीनें मोठी किंमत देऊन मिळविलेलीं आहेत. तीं क्रमानें पाहावीं, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

इंग्लंडांत ब्रायटनहून लंडनकडे जाणाऱ्या लोहमार्गावर क्लेटन नांवाचा सव्वा मैलाहून अधिक लांबीचा एक बोगदा आहे. १८६१ सालच्या सुमारास एका मार्गावरील गाड्यांमधील अंतर बहुधा घड्याळावर राखीत असत. एक गाडी सुटल्यावर ठरलेलीं मिनिटें गेलीं कीं दुसरी सोडावयाची, एवढाच नियम. क्लेटनचा बोगदा धोक्याचा असल्यामुळें तेथें मात्र त्या मानानें पुढारलेली व्यवस्था केलेली होती. बोगद्याच्या दोन्हीं तोंडांशीं एकेक सिग्नलवाला असे, व तारायंत्रानें ते एकमेकांशीं बोलत. दक्षिणेकडील तोंडाच्या अलीकडे एक स्वयंचलित सिग्नल होता. गाडी त्यावरून गेली कीं तो आपोआप 'धोका' दाखवी; आणि यंत्र बिघडून तसें न झाल्यास सिग्नलवाल्याच्या खोलींत घंटा वाजून त्यास सूचना मिळे. काम यंत्रानें करावें, चुकल्यास यंत्रानेंच तसें कळवावें, आणि पुढचें माणसानें निस्तरावें, अशी ही योजना होती. आजचे कायदे जी व्यवस्था मागतात तिचा सांगाडा तेथें जवळजवळ तयार होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्या सालीं ऑगस्टच्या २५ तारखेस, रविवारीं सकाळीं, ब्रायटनहून तीन गाड्या अवघ्या सात मिनिटांत एकीमागून एक सुटल्या. पहिली गाडी बोगद्यांत शिरली, पण सिग्नल धोक्यावर आला नाहीं. घंटा मात्र आपल्या कामास चुकली नाहीं. सिग्नलवाला किलिक यानें उत्तरेकडील सोबत्यास गाडी बोगद्यांत असल्याची तार केली. तोंच मोकळा सिग्नल पाहून दुसरी गाडी समोर येऊन ठेपली. किलिक लाल बावटा घेऊन धांवला. परंतु चालकानें तो पाहिला कीं नाहीं, हें त्यास कळलें नाहीं. चालकानें तो पाहिला होता, आणि बोगद्यांत गाडी थांबवून तो ती मागें आणूं लागला होता. इकडे किलिकनें 'बोगदा मोकळा आहे काय?' असें तारेनें विचारलें. उत्तरेकडील माणसानें पहिली गाडी बाहेर पडतांना नुकतीच पाहिली होती. त्यानें 'मोकळा' असें उत्तर दिलें. तें दुसऱ्या गाडीविषयींच आहे असें समजून किलिकनें तिसऱ्या गाडीस पांढरा बावटा दाखविला. अंधारांत दोन्हीं गाड्या आदळून २३ माणसें मेलीं व १७६ जखमी झालीं.

येथें यंत्र चुकलें, हें खरें. पण यंत्राच्या चुकीची सूचना वेळेवर मिळाली होती, आणि ती घेण्यास माणूसहि जागेवर होता. मग पहारा फसला कां? चौकशींत जी गोष्ट बाहेर आली ती लक्षांत ठेवण्याजोगी आहे. किलिक त्या दिवशीं चोवीस तासांच्या अखंड पाळीवर होता. नेहमींची पाळीच अठरा तासांची. पण एक संपूर्ण दिवस सुटीचा मिळावा म्हणून तो इतका वेळ काम करीत असे. शिवाय तारेच्या त्या तोकड्या भाषेंत 'कोणती गाडी' हें सांगण्याची सोयच नव्हती. मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनीं ब्रायटन स्टेशनावरील एका अधिकाऱ्यावर ठपका ठेवला, व पुढें कोर्टानें त्यास निर्दोष म्हणून सोडलें. माणसास चोवीस तास पहाऱ्यावर बसूं देणारी व्यवस्था मात्र आरोपीच्या पिंजऱ्यांत कधींच उभी राहिली नाहीं. पहारेकऱ्याचें शरीर व मन पहारा करण्यास समर्थ असलें पाहिजे, आणि त्याच्या हातीं पुरेशी स्पष्ट भाषा असली पाहिजे, हा या अपघाताचा पहिला धडा होय.

या अपघातानंतर जो वाद झाला तोहि आजच्या वाचकांस ओळखीचा वाटेल. मार्गाचे विभाग पाडून एका विभागांत एका वेळीं एकच गाडी असावी, व हें तारायंत्राच्या साहाय्यानें साधावें, असा आग्रह इंग्लंडांतील सरकारी बोर्ड ऑफ ट्रेडनें धरला. रेलवे कंपनीनें उत्तर दिलें कीं, असें केल्यानें जबाबदारी चालकाकडून निघून जाईल आणि धोका कमी होण्याऐवजीं वाढेल. हा आक्षेप केवळ कंजूषपणाचा होता असें म्हणतां येणार नाहीं. साधनावर विसंबणारा माणूस निष्काळजी बनतो, हा अनुभव खोटा नव्हे. तथापि त्यावर उपाय म्हणून साधनच नाकारावें, हा निष्कर्ष चुकीचा होता. १८८९ च्या जून महिन्यांत आयर्लंडांतील आर्मा येथें मुलांच्या सहलीच्या गाडीस भयंकर अपघात होऊन सुमारें ८० माणसें मेलीं, तेव्हां कोठें त्याच सालीं पार्लमेंटनें कायदा केला. आणि विभागपद्धति, सिग्नल व सांधे यांची परस्परांस अडविणारी जोडणी व आपोआप लागणारे ब्रेक या तिन्हीं गोष्टी उतारूंच्या गाड्यांकरितां सक्तीच्या ठरल्या. क्लेटनपासून या कायद्यापर्यंत अठ्ठावीस वर्षें गेलीं. या कायद्यानें यंत्रासहि माणसावर पहारेकरी नेमलें, हें येथें नमूद केलें पाहिजे. माणूस अचूक व यंत्र तेवढें चुकणारें, असा भेद इतिहास मान्य करीत नाहीं. दोघेहि चुकतात, पण निरनिराळ्या रीतीनें. म्हणूनच एकानें दुसऱ्यावर नजर ठेवण्यांत अर्थ आहे.

दुसरा धडा शिकण्यासाठीं अमेरिकेकडे वळलें पाहिजे. १४ ऑगस्ट २००३ रोजीं त्या देशाच्या ईशान्य भागांत व कॅनडांतील ओंटारिओ प्रांतांत वीज गेली आणि सुमारें पांच कोटि लोक अंधारांत सांपडले. आरंभ ओहायओ संस्थानांतील एका वीजकंपनीच्या नियंत्रणकक्षांत झाला. दुपारीं सव्वादोनच्या सुमारास तेथील संगणकांतील धोक्याची सूचना देणारा भाग एका छुप्या दोषामुळें बंद पडला. आणि तो बंद पडल्याची सूचना देणारें कांहींच तेथें नव्हतें. क्लेटनला निदान घंटा तरी वाजली होती! तीन वाजून गेल्यावर एकामागून एक मोठ्या वाहिन्या वाढलेल्या झाडांस लागून तुटूं लागल्या, परंतु पडद्यावर सर्व कांहीं शांत होतें. शेजारच्या कंपन्यांकडून काळजीचे टेलिफोन येत होते. पण आपल्या यंत्रावर कांहीं दिसत नाहीं, या विश्वासामुळें त्या टेलिफोनांचें गांभीर्य कोणास लवकर उमजलें नाहीं. संगणक पुन्हां पुन्हां बंद पडत आहेत हें ते सांभाळणाऱ्या विभागास ठाऊक होतें, पण विजेचा कारभार पाहणाऱ्यांस तें वेळेवर कळविलें गेलें नाहीं. चार वाजून पांच मिनिटांनीं आणखी एक वाहिनी गेली, आणि त्यानंतर अवघ्या कांहीं मिनिटांत सारें जाळें कोसळलें.

येथें कोणीहि चोवीस तास जागलेला नव्हता. उणीव निराळी होती. यंत्राखेरीज सत्य जाणून घेण्याचा दुसरा मार्ग पहारेकऱ्यांस नव्हता, आणि जो होता त्यावर त्यांचा भरंवसा नव्हता. शेवटच्या कांहीं मिनिटांत माणसास करण्यासारखें कांहींच उरलें नव्हतें हें कबूल केलें, तरी त्यापूर्वींचे पावणेदोन तास माणसाचे होते, आणि ते हातचे गेले. ज्याच्यावर पहारा करावयाचा त्याच्याच तोंडून जर सर्व बातमी मिळत असेल, तर त्या पहाऱ्यास पहारा म्हणणें कठीण आहे. लिझन बेनब्रिज या इंग्लिश विदुषीनें १९८३ सालीं आपल्या एका निबंधांत याच्याशीं निगडित असा एक विरोध दाखवून दिला होता. स्वयंचलित यंत्र जितकें विश्वासार्ह, तितका त्यावर देखरेख करणाऱ्याचा हात कामास अनभ्यस्त होतो. आणि त्याची गरज लागते ती मात्र नेमकी अत्यंत बिकट प्रसंगीं.

तिसरा धडा आपल्याच देशांतला आहे. २०१२ सालच्या जुलै महिन्याच्या ३० व ३१ तारखांस भारताचें वीजजाळें लागोपाठ दोनदां कोसळलें. पहिल्या दिवशीं उत्तर विभाग गेला. दुसऱ्या दिवशीं उत्तर, पूर्व व ईशान्य हे तिन्हीं विभाग गेले, आणि साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश विजेवांचून राहिला. महाराष्ट्र ज्यांत मोडतो तो पश्चिम विभाग मात्र वांचला. दोन्हीं दिवशीं आरंभ झाला तो मध्यप्रदेशांतील बीना व ग्वाल्हेर यांना जोडणाऱ्या वाहिनीपासून. तिच्या रक्षणासाठीं बसविलेल्या स्वयंचलित यंत्रास जास्त भार आणि खरा बिघाड यांतील फरक कळला नाहीं. बिघाड नसतांना बिघाड समजून त्यानें वाहिनी तोडली. यंत्रानें आपला नियम अक्षरशः पाळला. परिस्थिति पाहून तो बाजूस ठेवण्याची अक्कल त्यास नव्हती.

परंतु या ठिकाणीं पहारेकरी झोंपलेलेहि नव्हते व आंधळेहि नव्हते. उत्तरेकडील कांहीं राज्यें आपल्या वाट्याहून अधिक वीज ओढीत आहेत हें भारनियंत्रण केंद्रास दिसत होतें, आणि ओढ कमी करण्याच्या सूचना केंद्रानें दिल्याहि होत्या. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणें त्या पाळणें बंधनकारक होतें. पण त्या पाळल्या गेल्या नाहींत. पहारेकऱ्यानें हांक मारली, ती सर्वांनीं ऐकली, आणि कोणी हाललें नाहीं. ज्ञान आहे, सावधपणा आहे, पण थांबविण्याचें बळ नाहीं, अशा माणसाची देखरेख म्हणजे घडणाऱ्या अनर्थाची नोंद ठेवणें होय.

आतां कृत्रिम बुद्धीकडे वळूं. वरील तिन्हीं यंत्रें जुन्या जातीचीं होतीं. त्यांचा नियम कोणीतरी विचारपूर्वक लिहिलेला होता, आणि अनर्थानंतर कां होईना, तो वाचून चूक दाखवितां आली. असंख्य उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या यंत्राचा नियम कोणीच लिहिलेला नसतो. तें असें कां वागलें, हें त्याच्या कर्त्यासहि पुष्कळदां सांगतां येत नाहीं. शिवाय तें बहुतेक वेळां बरोबर असतें, आणि म्हणूनच त्याच्याविषयीं संशय बाळगणें माणसास अधिकाधिक जड जातें. ओहायओंतील माणसांस निदान विजेचें शास्त्र ठाऊक होतें. ज्या पिढीनें यंत्राच्या सल्ल्यावांचून कधींच भार सांभाळला नाहीं, तिला सल्ला चुकला हें ओळखतां तरी कसें येईल?

यावर कोणी म्हणेल कीं, विजेच्या जाळ्यांत क्षणार्धांत निर्णय घ्यावे लागतात. तेथें माणसास मध्यें घालणें म्हणजे विलंबास आमंत्रण देणें होय. या आक्षेपांत तथ्य आहे. म्हणून देखरेख म्हणजे प्रत्येक कृतीस माणसाची संमति, असा तिचा अर्थ करूं नये. यंत्रानें कोणत्या मर्यादेंत वागावें हें आधीं ठरविणें, त्या मर्यादेबाहेर तें जाऊं लागल्यास त्यास थांबवितां येणें, आणि तें थांबल्यावर कारभार हातानें चालविण्याचा सराव कायम ठेवणें, हा तिचा खरा अर्थ. युरोपीय कायद्याचें चौदावें कलम बरेंचसें याच दिशेनें जातें. पाणी, वायु, वीज, वाहतूक यांच्या सुरक्षिततेस जबाबदार असणारीं यंत्रें तो कायदा अधिक धोक्याच्या वर्गांत घालतो. देखरेख करणाऱ्यास यंत्राच्या मर्यादा समजाव्यात, यंत्रावर फाजील विसंबण्याच्या प्रवृत्तीची त्यास जाणीव असावी, त्याचा निर्णय बाजूस सारतां यावा, आणि तें थांबवितां यावें, असें त्यांत म्हटलें आहे. दुसऱ्या एका कलमांत अशा माणसास योग्यता, शिक्षण, अधिकार व आवश्यक साहाय्य हीं असावीं, असेंहि सांगितलें आहे.

शब्द योग्य आहेत. परंतु 'आवश्यक साहाय्य' या दोन शब्दांत इतिहासाचा सारा भार येऊन पडला आहे. एका माणसानें किती पडदे पाहावेत? किती तास? यंत्रापासून स्वतंत्र अशी बातमी त्यास कोठून मिळणार? त्यानें यंत्र थांबविलें आणि मागाहून थांबविण्याचें कारण नव्हतें असें ठरलें, तर नुकसानीचा जाब त्यास विचारला जाणार कीं नाहीं? हा शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे; कारण थांबविल्याबद्दल शिक्षा आणि न थांबविल्याबद्दलहि शिक्षा, अशा कोंडींत सांपडलेला नोकर यंत्राच्या मागें लपणेंच पसंत करील. अशा रीतीनें नेमलेला मनुष्य पहारेकरी नसून, अपघात झाल्यावर दोष देण्यासाठीं आधींच राखून ठेवलेला इसम होय.

यास्तव आपल्याकडे जेव्हां असा कायदा होईल, किंवा एखादी नगरपालिका अथवा वीजमंडळ असें यंत्र विकत घेईल, तेव्हां 'माणसाची देखरेख राहील' एवढ्या वाक्यावर लोकांनीं समाधान मानूं नये. त्या माणसाची पाळी किती तासांची, यंत्राखेरीज त्याचे डोळे कोणते, आणि त्याची हांक न ऐकणाऱ्यास कोण जाब विचारणार, हे तीन प्रश्न करारावर सही होण्यापूर्वीं विचारले जावेत. क्लेटननंतर कायदा होण्यास अठ्ठावीस वर्षें आणि दुसऱ्या कित्येक अपघातांची साक्ष लागली. तितकी वाट पाहण्याचें आतां कारण नाहीं. साक्ष पूर्वींच झालेली आहे.